सात पुस्तकं जास्त

काका माझे घरमालक. नारायण पेठेतल्या एका तीनमजली इमारतीत मधल्या मजल्यावर ते एकटे राहायचे आणि वरची, गच्चीला लागून असलेली खोली एखाद्या नोकरदार मुलीला भाड्याने द्यायचे. मी नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला आले होते आणि चार ठिकाणी नकार घेऊन त्यांच्या दारात उभी होते. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि ओळख पटावी म्हणून "सलाम, काका" असंही म्हणून टाकलं. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटलो की सलाम म्हणतो. काकांनी सलाम घेतला, मला खुर्ची दिली आणि खोलीबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, "बायबल कुठलं वाचता?"

मी म्हटलं, बायबल म्हणजे बायबल, आमच्या घरातलं, काळं. एखादा पेशंट आपला रक्तगट 'लाल' असं सांगतो तेव्हा मी त्याच्याकडे जशी बघते, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"रंग नव्हता विचारला," ते म्हणाले. खोली मात्र मिळाली, आणि पुढची पाच वर्षं मी तिथेच होते.

त्या पाच वर्षांबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्या लग्नात माझे पप्पा हजर राहिले ते या माणसामुळे. नाहीतर त्यांनी न येण्याचं पक्कं केलं होतं, आणि आमच्या पप्पांचं पक्कं म्हणजे सिमेंट. काका जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या तोंडावर मी त्यांचे आभार कधी धड मानले नाहीत, कारण मानायला लागलं की ते विषय बदलून पाण्याच्या मोटारीवर यायचे. म्हणून हे लिहायला बसले आहे.

काकांनी जन्मभर खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासला. तयार झालेला नग हातात घ्यायचा, मोजायचा, तोलायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची. निवृत्त झाल्यावर नग संपले, चिठ्ठ्या बांधायची सवय काही सुटली नाही. त्यांच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि ते बायबलांनी भरलेलं होतं. मराठीतली जुनी, मराठीतली नवी, सोप्या भाषेतली, आम्हा प्रोटेस्टंटांची, कॅथलिकांची, इंग्रजीतली डझनभर, हिंदी, कोकणी, तमिळ, आणि काही अशा लिप्यांतली की पुस्तक सरळ धरलंय की उलटं तेही मला कळायचं नाही. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. भाषांतर चांगलं की वाईट असलं काही त्यावर नसायचं. ते कोणाला द्यावं एवढंच लिहिलेलं असायचं. 'नजर अधू, आवाज मोठा.' 'पहिल्यांदाच वाचणारा, घाईचा.' 'आजारी माणूस. पुस्तक हलके हवे, हात दुखतात.' एका जाडजूड, पानापानाला तळटिपा असलेल्या इंग्रजी बायबलावर नुसतंच 'भांडखोर' असं लिहिलेलं होतं.

लोक यायचे. त्यांच्या खडकीच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, कॅम्पातले, कधी पिंपरी-चिंचवडकडचे. मुलीच्या लग्नात द्यायला बायबल हवंय, आईची नजर गेलीय तिला मोठ्या अक्षरातलं हवंय, अशी निमित्तं असायची. नवखा माणूस हमखास विचारायचा की काका, सगळ्यात चांगलं भाषांतर कुठलं. काका विचारायचे, "कोणासाठी?" आणि गप्प बसायचे. समोरच्याला वाटायचं म्हातारा खवचट आहे. तो होताच खवचट, पण तो प्रश्न खरा होता.

मग ते त्या माणसाला बसवायचे आणि एकच उतारा तीन भाषांतरांतून मोठ्याने वाचायला लावायचे. स्वतः डोळे मिटून ऐकायचे. आपण कुठे अडखळतो ते काका बघतायत या भीतीने लोक आणखीच अडखळायचे. खरं तर त्यांचं तिकडे लक्षच नसायचं. अडखळणं चार दिवसांत सुधारतं, असं ते मला सांगायचे. माणसाचा आवाज कुठे सैल सुटतो ते बघायचं. जिथे सुटला ते पुस्तक त्याचं. चिठ्ठी काढून ठेवायची, पुस्तक कागदात गुंडाळायचं, आणि "ओलं करू नका" असं बजावून द्यायचं.

माझ्या लॅबमधला एक मुलगा एकदा माझ्याबरोबर आला होता. त्याने फोन काढून दाखवला, काका, या ॲपमध्ये सगळी भाषांतरं आहेत, फुकट. काकांनी फोन हातात घेऊन नीट बघितला, चांगला आहे म्हणाले आणि विचारलं, "हे तुम्हाला विचारतं का, कशाला हवंय म्हणून?" मुलगा म्हणाला, नाही. "मग बरं आहे, तुमचा वेळ वाचतो," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला.

तुम्ही म्हणण्याचं त्यांचं सार्वत्रिक होतं. मला तुम्ही, दूधवाल्याला तुम्ही, जिन्यात बसणाऱ्या मांजरीलासुद्धा "तुम्ही जरा सरकता का" असं म्हणायचे. मांजर सरकायची.

ईशान्येकडचा एक जवान खडकीच्या छावणीत होता. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि हिंदी उपासना अर्धीच समजायची त्याला. काकांनी त्याच्या भाषेतलं बायबल शोधायचं मनावर घेतलं. चार महिने पत्रं, फोन, ओळखीच्यांच्या ओळखी. शेवटी ते आलं तेव्हा जवानाची बदली झालेली होती. मग काकांनी ते पोस्टाने पाठवलं आणि त्याला फोन करून वाचायला लावलं. फोन स्पीकरवर टाकून ते पंधरा मिनिटं ऐकत बसले. त्यातला एक शब्द त्यांना कळत नव्हता. मी विचारलं, काय तपासलंत तुम्ही? म्हणाले, "हिंदीत तो हजेरी दिल्यासारखा बोलायचा. आज बोलला."

शेजारच्या इमारतीत मराठीच्या एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. हिंदू बाई, पण वाचन अफाट. त्यांनी सहज कुतूहल म्हणून बायबल मागितलं. काकांनी बराच विचार करून सगळ्यात जुनं भाषांतर दिलं, कारण नव्याशी त्या भांडत बसल्या असत्या. त्या जुन्याशीही भांडल्या. तीन महिन्यांनी पुस्तक परत आलं ते पहिल्या पानापासून लाल पेन्सिलीने तपासून, आणि शेवटी शेरा: 'मजकूर उत्तम. वाक्ये लांब.' काकांना इतका आनंद मी क्वचितच झालेला पाहिला. ती प्रत त्यांनी कपाटात वरच्या खणात ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवायचे.

मला दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्यासमोर तासभर वाचावं लागायचं. खोलीची ती तोंडी अट होती. गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीत स्पीकरच्या भिंती लागायच्या, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मला वाटायचं निदान त्या गुरुवारी सुट्टी मिळेल. छे. काकांच्या मते आवाज तपासायला त्याहून चांगले दिवस नव्हते. बाहेर ढोल, आत मी घसा ताणून एखादं स्तोत्र ओरडतेय आणि समोर काका डोळे मिटून शांत बसलेत, असं ते दृश्य असायचं. सुरुवातीच्या चार-पाच गुरुवारांनंतरच त्यांनी माझ्यापुढे जुन्या भाषांतराचं एक पुस्तक ठेवलं. आमच्या घरात होतं तेच, आणि काळंच. मी म्हटलं, काका, मी सांगितलं होतं की तुम्हाला. ते म्हणाले, तुम्ही रंग सांगितला होता. "हे वाचताना तुम्ही घरी असता. पप्पा वाचायचे ना जेवणाआधी?" वाचायचे. मी हे त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं.

आता त्या सात पुस्तकांबद्दल. बायबलाच्या जुन्या करारात कॅथलिकांच्या प्रतीत सात पुस्तकं जास्त असतात, आम्हा प्रोटेस्टंटांच्या प्रतीत ती नसतात. आम्ही त्यांना अपॉक्रिफा म्हणतो, आणि म्हणताना नाक जरा मुरडतो. लहानपणी मी एवढंच ऐकलं होतं की कॅथलिकांनी ती मागाहून घुसडली. त्यांच्या मुलांना सांगितलेलं असतं की आम्ही ती फाडून टाकली. काकांचं स्वतःचं म्हणणं असं होतं की जुन्या ज्यू लोकांच्या हिब्रू यादीत ती नव्हती, ग्रीक प्रतींत होती, आणि आपल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनीही ती फेकली नव्हती. दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवली होती, वाचायला चांगली पण त्यावरून सिद्धान्त ठरवायचे नाहीत, अशा बोलीवर. पुढे छापणाऱ्यांनी ती हळूच गाळली. "आपल्या लोकांनी त्यांना आधी वेगळ्या खोलीत बसवलं, मग घराबाहेर काढलं," काका म्हणायचे, "आणि आता विचारलं तर म्हणतात, ते इथे राहतच नव्हते."

पण त्यांची स्वतःची बाजू पक्की प्रोटेस्टंट होती. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावर फ्रान्सिस नावाचे कॅथलिक दोस्त होते आणि दोघांनी वर्षानुवर्षं जेवणाच्या सुट्टीत या सात पुस्तकांवरून वाद घातला. डबे उघडायचे की फ्रान्सिस म्हणायचे, तुमचं बायबल सात पुस्तकांनी हलकं. काका म्हणायचे, तुमचं सात पुस्तकांनी जड. एकदा तिसऱ्या टेबलावरच्या एका केरळी सिरियन ख्रिस्ती गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या पंथात त्याहूनही काही जास्त आहेत. त्या दिवशी दोघेही गप्प जेवले आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या पानावरून वाद पुढे सुरू. मला ही गोष्ट काकांनी पुष्कळदा सांगितली. फ्रान्सिस वारले होते एवढं मला माहीत होतं. दरवर्षी पावसाळा संपताना एका महिन्यात काका कॅथलिक बायबल काढून ती सातच्या सात पुस्तकं क्रमाने वाचायचे, तेही माहीत होतं. का वाचायचे ते विचारायचं माझ्या मनात आलं नाही. इतक्या सवयी होत्या, कुठली कुठली विचारणार.

माझ्या नवऱ्याची आणि माझी ओळख लॅबमध्ये झाली. तो मशिनं दुरुस्त करायला यायचा. खडकीचा, कॅथलिक. घरच्यांचा विरोध फारसा झाला नाही. पप्पांनी चार दिवस अबोला धरला, मग मुलाला भेटले आणि मुलगा बरा आहे म्हणाले. लग्न खडकीच्या त्याच्या चर्चमध्ये, मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची पूर्ण उपासना, न करता नुसता विवाहविधी, हेही ठरलं. सगळं सुरळीत होतं आणि मग वाचनांची यादी आली.

विधीत जुन्या करारातलं एक वाचन असतं. नवऱ्याच्या घरात प्रत्येक लग्नाला तोबीतच्या पुस्तकातला उतारा वाचला जायचा. ते त्या सातांपैकी एक पुस्तक. गोष्ट अशी की सारा नावाच्या मुलीचं तोबियाशी लग्न होतं, आणि पहिल्या रात्री दोघं उठून देवाची प्रार्थना करतात की आमच्यावर दया कर आणि आम्हाला मिळून म्हातारपण बघू दे. नवऱ्याच्या आजींच्या लग्नात तेच वाचलं होतं, त्यांच्या मुलांच्या लग्नांत तेच. आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो उतारा त्यांना पाठ होता. त्यांनी लग्नासाठी दुसरं काहीही मागितलं नव्हतं.

पप्पा निवृत्त शिक्षक आणि आमच्या गावच्या मंडळीत पंच. त्यांनी यादी वाचली आणि फोनवर मला शांतपणे सांगितलं की जे आपल्या शास्त्रात नाही ते माझ्या मुलीच्या लग्नात देवाचं वचन म्हणून वाचलं जाणार असेल, तर मला तिथे बसता येणार नाही. मी रागावले, रडले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत. म्हणाले, मी आयुष्यभर पोरांना जे शिकवलं त्याच्या विरुद्ध मांडी घालून कसा बसू, तूच सांग.

नवरा म्हणाला, मी आजीला विचारतो, बदलू वाचन. मी हो म्हणणार होते. पण त्याआधी काकांना सांगितलं. ते म्हणाले, आजींना विचारू नका. विचारलंत तर त्या हो म्हणतील. मग विषय बदलायला मोटारीवर आले नाहीत. उठून कपाटापाशी गेले, ते उघडलं, आणि काहीच न काढता परत बंद केलं. म्हणाले, गुरुजींना पुण्याला बोलवा.

पप्पा आले ते काकांना आपला माणूस समजूनच आले. प्रोटेस्टंट, वयाने मोठे, शास्त्राचा अभ्यास असलेले. चहा झाला. पप्पांनी आपली बाजू मांडली. त्या पुस्तकात माशाच्या काळजाचा धूर करून भूत पळवतात, म्हणाले. आमच्या गावात मंगळवारी मांत्रिक येतो, त्यालाच आणू का लग्नाला?

"वाचलंय म्हणजे तुम्ही," काका म्हणाले.

"ऐकलंय."

काकांनी कॅथलिक बायबल काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि तेवढा उतारा मोठ्याने वाचायला सांगितलं. मान्य करू नका, नुसता वाचा. पप्पांनी पुस्तकाला हात लावला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला वाटलं, झालं, इथेच संपलं.

मग काका फ्रान्सिसबद्दल बोलायला लागले. मला वाटलं डब्यांची गोष्ट सांगणार. त्यांनी ती सांगितली नाही. त्यांनी सांगितलं की एका पावसाळ्याच्या शेवटी फ्रान्सिस गेले तेव्हा त्यांच्या बायकोचा निरोप आला, अंत्यविधीला वाचन तुम्ही करा. कुठलं वाचन तेही कळवलं होतं: त्या सातांपैकीच एका पुस्तकातलं, नीतिमान माणसं मेल्यावर देवाच्या हातात सुखरूप असतात असा उतारा. काका गेले, पण स्वतःचं बायबल काखोटीला मारून गेले. त्यात ते पुस्तक नव्हतं. नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच नेलं होतं. सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी ते उघडलं आणि त्याऐवजी एक स्तोत्र वाचून खाली उतरले. बाहेर आल्यावर फ्रान्सिसच्या बायकोने एवढंच सांगितलं की उतारा आणि वाचणारा, दोन्ही फ्रान्सिसने आजारपणात स्वतः ठरवून ठेवलं होतं.

"शेवटचा वाद घालत होता, की मनापासून मागत होता, ते मला अजून कळलेलं नाही, गुरुजी," काका म्हणाले. "दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी वाचायला हवं होतं. आता कोणाला वाचून दाखवू?"

काका हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, पप्पांकडेही नाही. चष्मा पुसत होते. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी खूप माया वाटली. आपली इतक्या वर्षांची खपली या माणसाने माझ्यासाठी काढली होती.

मग पप्पांनी शिक्षकाला शोभेल असा नेमका प्रश्न विचारला. "मग साहेब, तुम्ही ते देवाचं वचन मानता?"

"नाही," काका म्हणाले. "पण ती एका नवराबायकोची प्रार्थना आहे. कोणी प्रार्थना करत असताना मी उठून जात नाही. एकदा गेलो."

"तिथे वाचून झाल्यावर म्हणतात ना, हा प्रभूचा शब्द. ते मी ऐकून घेऊ शकणार नाही."

"मी वाचलं तर मी ते म्हणणार नाही. माझ्याही तोंडून ते येणार नाही."

फादर हे ऐकतील का, असं पप्पांनी विचारलं. काका म्हणाले, विचारू. आणि त्याच दुपारी हे दोन म्हातारे काकांच्या जुन्या स्कूटरवरून वाकडेवाडीमार्गे खडकीला गेले. पप्पा मागे, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. मी बसने मागोमाग.

फादर तरुण होते. त्यांनी दोघांचं नीट ऐकून घेतलं. ते वाक्य मी म्हणू का, असं त्यांनी आधी सुचवलं; पप्पांनी नकारार्थी मान हलवली. मग वाचनानंतर ते वाक्य म्हणावंच लागतं हा नियम सांगितला, काकांनी नियम मान्य केला आणि तरी बसून राहिले. शेवटी फादर म्हणाले, तुम्ही वाचा आणि नुसते थांबा. वाचनानंतर स्तोत्र गायचं असतंच. मी गाणाऱ्यांना सांगतो, तुम्ही थांबलात की लगेच सुरू करा. मधल्या वाक्याची आठवण कोणाला होणार नाही.

बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, "येतो मी लग्नाला. पण जमलं नाही तर मधून उठेन, आधीच सांगतो." मी हो म्हटलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मला झोप लागली नाही ती या 'मधून उठेन'मुळे.

पुढचं सांगण्याआधी एक सांगते. काका गेले तेव्हा कपाटात एक कागद सापडला. कुठलं पुस्तक कोणाला द्यायचं त्याची यादी, आणि खाली त्यांच्या स्वतःच्या अंत्यविधीबद्दल एक ओळ: 'जे लोक येतील त्यांना समजेल ते, त्यांना समजेल त्या भाषांतरातून वाचावे.' फ्रान्सिसची बायको काठी टेकत आली होती. आम्ही तिला विचारलं, तुम्हाला कुठलं समजेल. तिने नवऱ्याच्या वेळचा तोच उतारा सांगितला. आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग वाचला.

लग्नाच्या दिवशी पप्पांनी माझा हात धरून मला वेदीपर्यंत आणलं आणि डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर जाऊन बसले. अगदी कडेला, जायला वाट राहील असे. समोर उजव्या बाजूला नवऱ्याच्या आजी बसल्या होत्या. या घडामोडींतलं त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

काका वाचायला उठले. कोट घातला होता, तो खांद्यात सैल झाला होता. त्यांनी चष्मा लावला, ओळींवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. आजींचे ओठ त्यांच्या बरोबरीने हलत होते. आम्हाला मिळून म्हातारपण बघू दे, या ओळीवर काका थांबले. काकू चाळिशीतच गेल्या होत्या, हे तिथे बसलेल्यांपैकी थोड्यांनाच माहीत होतं. मग त्यांनी उरलेलं वाचलं आणि ठरल्याप्रमाणे गप्प उभे राहिले.

स्तोत्र सुरू झालं नाही. पंख्याने कीबोर्डवरचा कागद उडाला होता आणि वाजवणारी मुलगी तो शोधत खाली वाकली होती. चर्चमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. लोक वाट बघत होते. वाचणाऱ्याने हा प्रभूचा शब्द असं म्हटलं की सगळ्यांनी देवाला धन्यवाद म्हणायचं असतं, आणि वाचणारा काही म्हणतच नव्हता. मला पप्पांच्या बाकाकडे बघायचा धीर झाला नाही.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "देवाला धन्यवाद." साठ वर्षांची सवय त्यांची; वाचन संपलं की ते म्हणायचं. कोणी साथ दिली नाही. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून त्या गोंधळल्या, सुनेकडे बघायला लागल्या, हातातला रुमाल चुरगळायला लागल्या.

डावीकडे बाक करकरला. पप्पा उठले होते. मला वाटलं, निघाले. ते निघाले नाहीत. उभे राहिले, आजींकडे वळले आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "देवाला धन्यवाद."

मग सगळं चर्च म्हणालं. सगळ्यात शेवटी काका म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.